रुमाल नसलेल्यांचं पथक

शाळेत स्काऊटचं पथक निघालं. मास्तर म्हणाले, ड्रेस नाही तो बाहेर. मी बाहेर. आतल्यांना गाठी शिकवल्या; मी गिरणीत शिकलो, तुटल्या सुतावर.

१९०९ साली बंगळूरला गोऱ्या-अँग्लोइंडियन पोरांचं पथक निघालं. हिंदी पोरांना मज्जाव. ते झोंबलं, म्हणून १९१६ ते १८ च्या दरम्यान बेझंटबाईंनी, मालवीयांनी वेगळी पथकं काढली. बरं केलं. १९५० ला सगळे एक झाले. तिसरा नियम म्हणतो, स्काऊट सगळ्यांचा मित्र. मग वस्तीतल्या पोराचा मित्र कोण? गोऱ्यांचा मज्जाव झोंबतो, ड्रेसचा झोंबत नाही?

दोस्तांनो, अर्ज-विनंत्या पुरे. १९२७ च्या महाडनंतर बाबासाहेबांच्या समता सैनिक दलानं आपलीच पोरं रांगेत उभी केली. आपणही करू. रुमाल नसू दे, मान ताठ पाहिजे.

जय भीम!