नांगराचा दोर किती लांब?

परीक्षा संपायच्या आधीच घराघरांत कोकणाचे बेत शिजायला लागतात. कुणाच्या जावेनं तारकर्लीचा होमस्टे सुचवलेला असतो, कुणाच्या भाच्यानं देवबागच्या डॉल्फिनचा व्हिडिओ पाठवलेला असतो. मग आपण बायका तयारीला लागतो. खाकऱ्याची पाकिटं, उलटीच्या गोळ्या, मुलांच्या टोप्या, सासूबाईंचं बीपीचं औषध, ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी. खोली ठरवण्याआधी बाथरूमचा फोटो मागवतो, मासे कुठे ताजे मिळतात ते तीन ठिकाणी विचारतो. आणि एवढं पारखून घेणारी तीच बाई किनाऱ्यावर उतरली की समोर येईल त्या होडीत दोन मिनिटांत सगळं कुटुंब बसवते. चौकशी होते ती एकाच गोष्टीची : "माणशी किती? आणि लहान मुलांचं अर्धं घ्याल ना?"

घासाघीस करण्याबद्दल माझी तक्रार नाही. तो आपला जन्मसिद्ध हक्क आहे! पण भेंडी घेताना शेंडा मोडून बघणाऱ्या आपण होडी घेताना काहीच का मोडून बघत नाही, हा माझा प्रश्न आहे.

24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोन जण दगावले. किनारा नजरेच्या टप्प्यात होता. मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे कोकणात समुद्राची कूस बदलायची वेळ. वारा फिरलेला असतो, लाटा मोठ्या व्हायला लागलेल्या असतात. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या याच सुमारास बंद होतात, त्या थेट ऑगस्ट संपल्यावर सुरू होतात. पण आपल्याकडे मुलांच्या शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून "जाता जाता एक ट्रिप" करणाऱ्यांची गर्दीही नेमकी याच आठवड्यात असते. दुसरी घटना 18 डिसेंबर 2024 ची. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची, इंजिनाची चाचणी चाललेली स्पीडबोट येऊन आदळली. तेराहून अधिक माणसं गेली. त्यात बोटीतल्या प्रवाशांचा दोष काडीचाही नव्हता. पण बोटीत शंभरावर माणसं होती आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. त्यानंतर गेटवेला जॅकेटची सक्ती झाली. म्हणजे धडक कुणाची का असेना, आपल्या हातात जे असतं ते आपण अंगात घातलेलं नसतं.

जॅकेटचं नाव काढलं की आपल्या मंडळींचे चेहरे बघण्यासारखे होतात. एकीला त्याचा वास येतो, दुसरीची नवी साडी चुरगळते, तिसरीला फोटोत जाड दिसायचं नसतं. आमच्या मंडळाची मालवणला सहल गेली होती तेव्हा धक्क्यावर अगदी हेच नाटक झालं. आम्ही बावीस जणी. दोन होड्या कराव्या लागतील म्हटल्यावर आमच्यातल्या एकीनं होडीवाल्या पोराला सांगून टाकलं, "अरे, एकीतच बसव की दाटीवाटीनं, आम्ही काय परक्या आहोत का एकमेकींना?" पोरगा बिचारा तयारही झाला असता. पण त्याची आई शेजारीच जाळं विणत बसली होती. ती मान वर न करताच म्हणाली, "ताईनू, होडी धा जणांची आसा. अकरावो बसलो तर माझो झील होडी सोडूचो नाय." मग तीन होड्या झाल्या. त्या बाईनं प्रत्येकीच्या जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितले, अगदी मुलीची वेणी घट्ट बांधावी तसे.

पट्टे ओढून बघणं महत्त्वाचं आहे बरं का. जॅकेट नुसतं खांद्यावर अडकवलं तर माणूस पाण्यात पडताक्षणी ते वर निघून येतं आणि माणूस खाली. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालणं म्हणजे न घातल्यासारखंच. खांदे धरून वर उचलून पाहावं, जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते त्या मुलाच्या मापाचं नाही. आणि साडीविषयी सांगायलाच हवं. भिजलेली सहावारी पायांना गुंडाळते, पोहता येणाऱ्या बाईलासुद्धा पाय हलवू देत नाही. कोळणींचं नेसणं गुडघ्याच्या वर, कासोटा घातलेलं असतं, ते काही उगीच नाही. समुद्रावर जाताना सलवार-कुर्ता बरा, ओढणी पिशवीत.

आता येते नांगरावर. तुम्ही म्हणाल, नांगर बघणं हे काय आपलं काम? पण जरा विचार करा. किनाऱ्यापासून अर्ध्या-एक किलोमीटरवर इंजिन बंद पडलं तर होडीला ब्रेक कुठे असतो? वारा आणि ओढ नेईल तिकडे ती जाणार, खडकांवरसुद्धा. अशा वेळी मदत येईपर्यंत तिला एका जागी धरून ठेवणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे नांगर. पर्यटकांना फिरवणाऱ्या काही छोट्या होड्यांत मी नांगर म्हणून दोरी बांधलेला दगड पाहिला आहे. एकीत तर जुन्या यंत्राचा लोखंडी तुकडा होता.

नांगर जड असतो म्हणून होडी थांबते, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आपल्या भाषेत शेतातल्या आणि समुद्रातल्या वस्तूला एकच नाव आहे, त्यात बरंच काही आलं. शेतातल्या नांगराचा फाळ जमिनीत रुततो तसे होडीच्या नांगराचे दात तळाच्या वाळूत, चिखलात रुतायला हवेत. ते रुततात कधी, तर दोराची ओढ आडवी असते तेव्हा. दोर सरळ उभा असेल तर प्रत्येक लाटेबरोबर होडी वर उचलली जाते आणि मुळा उपटावा तसा नांगर उपटून येतो. म्हणून पाणी 4 मीटर खोल असेल तर 4 मीटर दोर कामाचा नाही. शांत पाण्यातसुद्धा खोलीच्या तिप्पट तरी सोडावा लागतो, वारा असेल तर पाचपट, सातपट. नांगराजवळ थोडी साखळी असली तर आणखी चांगलं. तिच्या वजनानं ओढ आडवी राहते आणि खडकावर घासून दोर तुटत नाही. आणि नांगर होडीच्या पुढच्या टोकाला बांधायचा. मागच्या बाजूला, जिथं इंजिन बसवलेलं असतं, तिथं होडीचा काठ ठेंगणा असतो. तिकडून बांधला तर लाटा मागून सरळ आत येतात.

हे सगळं आपण करायचं नाही, ते तांडेलाचं काम. पण "दादा, नांगर आहे ना? दोर किती लांब आहे?" एवढं विचारायला काय जातं! ज्याच्याकडे असतो तो कौतुकानं उचलून दाखवतो. ज्याच्याकडे नसतो तो "काही होत नाही हो ताई" म्हणतो. हे "काही होत नाही" ऐकलं की पुढच्या होडीकडे वळावं.

पण याच नांगराची एक दुसरी बाजू आहे आणि ती मला जास्त टोचते. मालवणच्या समुद्रात किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. 1987 साली शासनानं इथलं सुमारे 29 चौरस किलोमीटरचं क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केलं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो. हजारो पर्यटक येतात ते हेच प्रवाळ आणि रंगीत मासे बघायला. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, ती बारीक जिवांची वसाहत. काही जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, काही थोड्या भराभर. त्यांच्यावर लोखंडी नांगर फेकला आणि होडी हेलकावे खायला लागली की साखळी तळावर झाडूसारखी फिरते. आपल्या आजोबांच्या वयाचं काहीतरी अर्ध्या तासात मोडून पडतं. तेही कशासाठी? तर आपल्याला पाण्याखाली हात हलवतानाचा व्हिडिओ हवा असतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळाला वाघाच्याच परिशिष्टात, पहिल्या परिशिष्टात जागा दिली आहे. तो तोडणं, विकणं, विकत घेणं सगळाच गुन्हा. किनाऱ्यावर कुणी "शोपीस" म्हणून पुढे केला तर हातही लावू नये.

यावर उपाय आहे आणि तो काही अवघड नाही. ज्या जागी रोज होड्या थांबतात तिथं तळाशी एकदाच पक्कं वजन बसवायचं आणि वर तरंगता पिंप ठेवायचा. येणारी होडी त्याला दोर अडकवते, नांगर टाकायचाच नाही. जगभर प्रवाळांच्या ठिकाणी हेच करतात. असे पिंप जागोजागी असतील आणि त्यांची देखभाल होत असेल तर होडीवाल्यांनाही ते सोयीचं आहे, कारण खडकात अडकलेला नांगर सोडवताना त्यांचेही दोर तुटतात, पैसे जातात. होडीवाल्यांना व्हिलन ठरवायची आपल्याला फार घाई असते. हंगाम आठ महिन्यांचा, इंजिनाचं कर्ज बारा महिन्यांचं. आपण माणशी शंभर रुपये पाडून घेतले की ते तो दोन जास्त माणसं बसवून भरून काढतो. हे गणित आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे, आपल्याला ते कळायला हवं.

राहिली भरती-ओहोटी. इथं मात्र आपण बायका तज्ज्ञ आहोत, फक्त आपल्याला ते ठाऊक नाही. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पाणी भरणार, सकाळीही आणि संध्याकाळीही. एकादशीला सव्वाआठ. संकष्टीला, म्हणजे वद्य चतुर्थीला, तीन. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण अंदाज येतो. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण-एक तासानं पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी फार चढतं आणि फार उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा चढउतार कमी. उपासाच्या निमित्तानं आपल्याला तिथी तोंडपाठ असते. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या हिशेबाशेजारीच समुद्राचं वेळापत्रक छापलेलं आहे म्हणा ना!

याचा उपयोग काय? देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं वाळूचा एक पट्टा आहे, त्याला सगळे 'सुनामी आयलंड' म्हणतात. ओहोटीला तिथं मुलं वाळूचे किल्ले करतात, भरतीला तोच पट्टा पाण्याखाली जातो. शिवाय नदीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी समुद्राकडे जोरानं ओढतं. कंबरभर पाण्यात उभं राहून फोटो काढणाऱ्याच्या पायाखालची वाळू तेव्हा सरकत असते. कुठल्या वेळी जायचं आणि कुठल्या वेळी परतायचं हे तिथीवरून घरीच काढून ठेवलं, आणि वर होडीवाल्याला विचारून घेतलं, तर तो आपल्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो, हा माझा अनुभव आहे.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत कोळी घरांतल्या बायकांनी मिळून 'स्वामिनी' नावाचा बचत गट काढला. 2017 पासून त्या पर्यटकांना होडीतून कांदळवनांची सफर घडवतात. घरातल्या होड्या पुरुषांच्या आणि बाजारातले मासे बायकांचे, ही पिढ्यान् पिढ्यांची वाटणी. ती मोडून या बायका स्वतः वल्ही मारतात, आणि वर कुठलं झाड कुठलं, त्याची मुळं पाण्याबाहेर का आलेली असतात, तेही समजावून सांगतात. इंजिनाचा धूर नाही, आरडाओरडा नाही. मुलांना "कंटाळा येईल" म्हणून आपण अशी सफर टाळतो आणि बनाना बोटीवर पैसे उधळतो. मुलांना विचारून तरी बघा.

आमच्या मंडळानं एक पत्र तयार केलं आहे. मागण्या दोनच : प्रत्येक धक्क्यावर लहान मुलांच्या मापाची जॅकेट्स पुरेशी असावीत, आणि प्रवाळांच्या जागी होड्या बांधण्यासाठी तरंगते पिंप बसवून त्यांची दरवर्षी तपासणी व्हावी. पत्र मेरीटाइम बोर्डाकडे जाईल, एक प्रत वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे. आमच्या सह्या झाल्या आहेत. आता मालवणच्या होडीवाल्यांच्या हव्यात, कारण नांगर शेवटी त्यांच्याच हातात असतो. त्या जाळं विणणाऱ्या मावशींना फोन केला तर त्या म्हणाल्या, "कागद पाठवा, पन मालवणीत वाचून दाखवूक कोनाक तरी सांगा." त्यांच्या शेजारची बारावीतली मुलगी वाचून दाखवणार आहे.