झोन जिंकायचाय? मग कोचला जानेवारी द्या

जुलै उजाडला की प्रत्येक जिमखान्यात कोचला एकच प्रश्न, ‘सर, यंदा झोन मारणार ना?’ मुंबई विद्यापीठाची हद्द थेट सिंधुदुर्गापर्यंत, त्यामुळे आधी झोन जिंकायचा आणि मग इंटर-झोनलला बाकीच्यांशी भिडायचं. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या बास्केटबॉल कोचचं सगळं वर्ष या एका प्रश्नावर तोललं जातं. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

साधं गणित मांडा. टीम बारा जणांची, डिग्री तीन वर्षांची. म्हणजे दरवर्षी साधारण चार जण बाहेर पडणार आणि चार नवे येणार. हे नवे येतात ऐन पावसात. आपल्याकडची बरीच कोर्ट उघड्यावरची, सिमेंटची. ओल्या सिमेंटवर ले-अप मारायला गेलात तर गुडघा फुटलाच म्हणून समजा. कोर्ट सुकेपर्यंत स्पर्धेचं शेड्यूल लागलेलं असतं. त्यात एक पोरगा बदलापूरचा, दुसरा टिटवाळ्याचा. लोकल रखडली की सकाळच्या प्रॅक्टिसला पाच जणही उभे राहत नाहीत. मुलींच्या टीमचं तर विचारूच नका. तिथे कोचची अर्धी ताकद ‘काकू, सातच्या आत सोडतो’ असे फोन करण्यात जाते.

मग शॉर्टकट निघतो. स्पोर्ट्स कोट्यातून तयार खेळाडू आणायचे, फी माफ करायची, ट्रॉफीसोबत प्राचार्यांचा फोटो काढायचा. कोचलाही दोष देता येत नाही, कारण बिचाऱ्याचं मानधन बऱ्याचदा सीझनपुरतंच. पण एफवायपासून इमानेइतबारे येणारी मुलं तीन वर्षं बेंचवर बसून बाटल्या भरतात, त्याचं काय? आणलेले स्टार गेले की पुढच्या जुलैत कॉलेज पुन्हा शून्यावर.

कॉलेज बास्केटबॉलमधलं सगळ्यात मोठं नाव अमेरिकेतल्या यूसीएलएच्या जॉन वूडनचं. बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं हा त्याचा आकडा सगळे सांगतात. पण तो कोच झाला १९४८ साली आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं १९६४ साली, सोळाव्या हंगामात! आपल्या झोनसारखं विभागाचं विजेतेपद मात्र त्याने पहिल्याच वर्षी मिळवलं, आणि तेही टीम तळाला राहील असा अंदाज असताना. पोरांना दमेपर्यंत पळवायचं आणि बेसिक्स पक्के करायचे, हा त्याचा खाक्या. पहिल्या दिवशी तो मोजे कसे घालायचे ते शिकवायचा, कारण सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की खेळाडू बाहेर. प्रॅक्टिसआधी जिमची फरशीही स्वतः पुसायचा. आपले कोच फरशी पुसतातच, वूडनला मिळाली तेवढी वर्षं फक्त त्यांना मिळत नाहीत.

अमेरिका लांब वाटत असेल तर नागपाड्याला जा. अब्बास मूनतासिर त्याच गल्ल्यांतून भारताचे कॅप्टन झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. तिथलं शाळकरी पोर थोरल्यांच्या धक्क्यात, त्याच रिंगखाली वर्षानुवर्षं वाढतं.

ही वर्षं आपल्याकडे आहेत, पण वाया जातात. आपल्या बहुतेक कॉलेजांत ज्युनिअर कॉलेज त्याच आवारात असतं. अकरावीतला मुलगा एकोणीस वर्षांखालील शालेय स्पर्धा खेळतो, एफवायचा विद्यापीठाच्या. दोघांचे सर वेगळे, फाइल वेगळी, कधीकधी बॉलच्या कपाटाची चावीसुद्धा वेगळी. ही दोन कपाटं एक केली तर कोचच्या हातात तीनऐवजी पाच वर्षं येतात. बारावीनंतर मुलगा दुसरीकडे जाईल, ही भीती खरी आहे. पण अकरावीपासून त्याच्यावर मेहनत घेतलेली असेल तर थांबायला त्याच्याकडे कारण तरी असेल.

आणि प्रॅक्टिस जानेवारीत सुरू करा. तेव्हा कोर्ट कोरडं असतं, पहाटेची हवा मस्त असते. झोन होऊन गेलेला, त्यामुळे कोणी निकाल विचारत नाही आणि हरलेल्या मॅचवर निवांत बोलता येतं. टीवायचे सीनिअर अजून कॉलेजातच असतात, जाण्याआधी अकरावीच्या पोरांना पिक अँड रोल शिकवायला त्यांना कोणी फक्त सांगायला हवं. तेवढे तीन महिने कोचचं मानधन चालू ठेवायला किती पैसे लागतात, हे एकदा ट्रॉफीच्या फ्लेक्सच्या बिलाशेजारी ठेवून बघा.