वेग बिटांत, हिशेब बाइटांत

इंटरनेट जोडणीची जाहिरात ‘१०० एमबीपीएस’ वेगाचे आश्वासन देते. ग्राहक पैसे भरतो, फाइल उतरवून घेऊ लागतो आणि पडद्यावरचा आकडा बाराच्या पुढे सरकत नाही. आपण नाडले गेलो, अशी त्याची समजूत होते. वस्तुतः अशा वेळी बहुधा कोणी लबाडी केलेली नसते. जाहिरातीतला ‘बी’ बिटचा असतो, पडद्यावरचा बाइटचा. आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. शंभरास आठाने भागले की साडेबारा येतात.

हा भेद ग्राहकास ठकवण्यासाठी रचलेला नाही. तारेतून संदेश बिटांच्या ओळीने जातो, म्हणून दळणवळणाच्या अभियंत्यांनी सेकंदाला किती बिट एवढेच मोजले. संगणकाच्या स्मृतीत मात्र अक्षरे साठवायची असतात. एका अक्षराला किती बिट द्यावेत याविषयी यंत्रायंत्रांत एकमत नव्हते. १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम ३६० मालिकेमुळे आठ बिटांचा बाइट रूढ झाला. वहनाचे माप बिट आणि साठवणुकीचे बाइट, अशी वाटणी झाली ती आजतागायत. (हजार की एक हजार चोवीस, हा वाद साठवणुकीतला, वेगाच्या बाबतीत हजारच धरतात.) इंग्रजी लिपी लहान आणि मोठ्या ‘बी’वर हा भेद कसाबसा निभावून नेते. देवनागरीत ती सोय नाही. नुसते ‘एमबी’ छापले, तर ते मेगाबिट की मेगाबाइट, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.

एककाचा उगम निर्मळ असला, तरी बाजारात त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडतो हे पाहिले पाहिजे. मोबाइलच्या योजनेत रोजचा कोटा बाइटांत असतो आणि वेग बिटांत. दीड गिगाबाइटचा कोटा आणि सेकंदाला ४० मेगाबिट वेग, हे दोन्ही आकडे भरघोस दिसतात. परंतु ४० मेगाबिट म्हणजे ५ मेगाबाइट. त्या वेगाने दिवसभराची शिदोरी अवघ्या पाच मिनिटांत संपू शकते. कोटा संपल्यावर वेग ६४ किलोबिटवर आणण्याची तरतूद अनेक योजनांत आढळते. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. एखाद्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या अर्जासोबत ४ मेगाबाइटची फाइल पाठवायची असेल, तर ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक काळ लागेल. तोही मध्येच जोडणी तुटली नाही तर. सरकारची ब्रॉडबँडची किमान मर्यादा २००४ मध्ये २५६ किलोबिट होती, २०१३ मध्ये ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. म्हणजे कोटा संपलेल्या ग्राहकाच्या हाती या मर्यादेचा एकतिसावा हिस्साही धड उरत नाही. तरीही कागदोपत्री सेवा अखंड चालू असते!

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा सोळा आण्यांच्या हिशेबावर वाढलेल्या जनतेला शंभर नये पैसे समजावून द्यावे लागले. सरकारने नव्या नाण्यावरच तो रुपयाचा शंभरावा भाग असल्याचे हिंदीत कोरले. आण्याचे किती नये पैसे, याचे तक्ते काढले. हिशेब समजून घेणे ही केवळ ग्राहकाची जबाबदारी आहे, असे म्हणून त्या वेळी सरकार मोकळे झाले नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाला हेच करता येण्याजोगे आहे. वेगाच्या आकड्याशेजारी तितक्याच ठळक अक्षरांत सेकंदाला किती मेगाबाइट, हेही छापण्याची सक्ती करावी. मराठी जाहिरातीत ‘बिट’ आणि ‘बाइट’ हे शब्द पूर्ण लिहावेत. प्रत्यक्ष वेग अनेक कारणांनी घटतो, तेव्हा बाइटांची हमी कशी द्यायची, असा आक्षेप कंपन्या घेतील. परंतु बिटांची तरी हमी त्या कोठे देतात? तेथे ‘पर्यंत’ हा शब्द असतोच. तो बाइटांच्या आकड्यापुढेही खुशाल लावावा. १०० मेगाबिटच्या जोडणीवर १ गिगाबाइटची फाइल उतरायला दहा नव्हे, किमान ऐंशी सेकंद लागतात, हे ग्राहकाला पैसे भरण्यापूर्वी कळले म्हणजे झाले.