स्वस्त खोलीचा महाग पाहुणचार

सुट्ट्यांचे दिवस जवळ येऊ लागले, की बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आमच्या मराठी बांधवांकडून एक प्रश्न हटकून येतो : गोव्यात उतरावे कोठे? या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हांस नेहमीच आनंदाचे वाटत आले आहे. परंतु अलीकडे त्या प्रश्नास एक नवे शेपूट फुटले आहे. "फार महाग नको, अगदीच हलकेही नको, कॅसिनोची सोय असलेले एखादे मधल्या दराचे हॉटेल सुचवा," असे आता आम्हांस विचारले जाते. विचारणारे कोणी जुगारी नव्हेत. बँकेत, शाळेत, कारखान्यात इमानाने नोकरी करून वर्षाकाठी आठ दिवसांची सुट्टी मिळविणारे ते गृहस्थ असतात. म्हणूनच त्यांना मोघम उत्तर देऊन चालणार नाही. आमचे उत्तर असे आहे की, तसले हॉटेल निवडू नये. आणि हे आम्ही नीतीच्या व्यासपीठावर उभे राहून सांगत नाही. धर्मराजाच्या द्यूताची कथा व्यासांनी सांगून ठेवली आहे. तीत भर घालण्याची आमची योग्यता नाही. आम्हांस बोलायचे आहे ते साध्या हिशेबाविषयी.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'मधल्या दराचे कॅसिनो-हॉटेल' ही वस्तू गोव्याच्या कायद्यात मुळी बसतच नाही. १९७६ च्या सार्वजनिक जुगारविषयक कायद्याने येथे जुगारास बंदी आहे. १९९२ साली त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक करमणुकीची व स्लॉट यंत्रे ठेवण्यास मुभा मिळाली. पुढे १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर मेजावरच्या खेळांना वाट करून देण्यात आली. म्हणजे पत्ते वाटणारा माणूस आणि त्याच्या हाताने फिरणारे चक्र ही नौकेवर. यंत्रे हॉटेलात, आणि तेही हॉटेल पंचतारांकितच असले पाहिजे. मग मधल्या दराच्या हॉटेलाच्या जाहिरातीत 'कॅसिनो' हा शब्द येतो कोठून? एक तर एखादे पंचतारांकित हॉटेल पावसाळ्यात आपला दर उतरविते. नाहीतर एखादे साधे हॉटेल खोलीच्या भाड्यात नौकेचा प्रवेश बांधून देते आणि त्या गाठोड्यास 'पॅकेज' म्हणते. या नौका कायद्याच्या भाषेत 'ऑफशोअर', म्हणजे किनाऱ्यापासून दूर आहेत. प्रत्यक्षात त्या मांडवीच्या पात्रात, पणजीच्या रस्त्यावरून त्यांचे दिवे मोजता येतील इतक्या जवळ उभ्या आहेत! शब्द आणि वस्तू यांच्यातील हे अंतर ज्यांना खुपत नाही, त्यांना पॅकेजमधील शब्दांचेही काही वाटू नये हे ओघानेच आले.

इंदूरचे आमचे एक स्नेही असेच पॅकेज घेऊन सहकुटुंब आले होते. त्यांचे घराणे मूळचे इकडचे. फोंडा महालातील श्रीमंगेश हे त्यांचे कुलदैवत. वृद्ध मातोश्रींना दर्शन घडवावे हाच प्रवासाचा हेतू होता, आणि खोली स्वस्तात मिळाली म्हणून नौकेचा प्रवेशही घेतला गेला. मातोश्रींनी नौकेवर पाऊल ठेवण्यास साफ नकार दिला. मुलगा एकोणीस वर्षांचा. एकविसाच्या आत खेळाच्या दालनात प्रवेश नसतो हे त्यांना आयत्या वेळी कळले. पत्नी सासूबाईंपाशी राहिली. चौघांचे पैसे भरलेले, आणि गेले एकटे आमचे स्नेही! पहिल्या रात्री जे गेले ते परत मिळविण्यासाठी ते दुसऱ्या रात्री गेले. दोन्ही सकाळ झोपेत गेल्या. तिसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. मातोश्रींना कुलदेवतेचे दर्शन घडले नाही ते नाहीच. "पैशाचे एवढे वाईट वाटले नाही, पण आई वाटेत एक शब्द बोलली नाही," असे ते आम्हांस पुढे म्हणाले. या हानीची नोंद कोणत्या बिलात होते?

आता पैशाचेही पाहू. रुलेटच्या चक्रावर शून्य धरून ३७ घरे असतात, आणि एका आकड्यावर लावलेल्या रुपयास ३५ रुपये बक्षीस मिळते. वाचकाने क्षणभर अशी कल्पना करावी की, आपण प्रत्येक घरावर शंभर शंभर रुपये लावले. खिशातून गेले ३,७००. चेंडू कोठेही पडो, बक्षिसाचे ३,५०० आणि मूळचे १००, असे ३,६०० परत आले. शंभर रुपये दर फेरीस मालकाचे! चक्रावर दोन शून्ये असतील तर दोनशे. आमच्याकडे जुगाराच्या अड्ड्याचा मालक जो 'नाल' काढतो तोच हा. फक्त येथे तो हात पुढे करून मागत नाही, चक्राच्या घडणीतच बसवून ठेवतो. एखादा खेळाडू एका फेरीस ५०० रुपये लावतो आणि तासाला ४० फेऱ्या होतात असे धरले, तर तासाला २०,००० रुपये मेजावरून फिरतात व त्यांतील सरासरी ५४० रुपये मालकाकडे राहतात. कोणी एका रात्री जिंकेलही. पण खेळ जितका लांबेल तितका हिशेब या सरासरीकडे सरकत जातो. खोलीवर दिलेली पाच-सातशेची सवलत किती वेळात फिटते, हे आता निराळे सांगावयास नको.

यावर सरकारचा वाटा आहेच. रोज ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर जीएसटी ५ टक्के पडतो. कॅसिनोवर मात्र तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे, आणि तो चिप्सच्या संपूर्ण खरेदीवर मोजला जातो. उरलेल्या चिप्स तुम्ही परत केल्या तरी करापुरती ती रक्कम वजा होत नाही. सरकारने कॅसिनोस लॉटरी व घोड्यांची शर्यत यांच्या पंक्तीस बसविले आहे. एकाच पॅकेजमधील दोन वस्तूंमध्ये सरकारच एवढा भेद पाहते. पाहुण्याने तो पाहू नये काय?

ही युक्ती अर्थात गोव्यात जन्मली नाही. नेव्हाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला, आणि पुढे लास व्हेगासच्या हॉटेलांनी खोली व जेवण स्वस्त ठेवून माणूस मेजापाशी आणण्याचे शास्त्रच निर्माण केले. पुढे काळ असा पालटला की, तेथे खोलीच्या जाहीर दराखाली 'रिसॉर्ट फी' नावाचा निराळा आकार लपू लागला. शेवटी १२ मे २०२५ पासून सर्व आकार मिळून होणारी एकूण किंमतच आधी दाखविण्याची सक्ती अमेरिकेच्या सरकारला करावी लागली. ज्या देशाने हा धंदा जगास शिकविला, त्यालाही खोलीची खरी किंमत वदवून घेण्यासाठी नियम करावा लागतो, यात सर्व काही आले.

आमच्या या मतावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, कॅसिनोमुळे राज्यास महसूल व तरुणांस रोजगार मिळतो. मिळतो, हे आम्ही नाकारीत नाही. तेथे कष्ट करून पोट भरणाऱ्या मुलामुलींविषयी आमच्या मनात अनादर नाही. पण फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोमंतकीयांस खेळासाठी या कॅसिनोंत प्रवेशबंदी आहे, ती कशासाठी? जे अन्न यजमान स्वतःच्या लेकरांच्या पानात वाढीत नाही, तेच पाहुण्यास आग्रहाने वाढतो, याला आमच्या संस्कृतीत पाहुणचार म्हणत नाहीत. शेजारच्या महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला, पण तो कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३ साली रद्दही करून टाकला. म्हणून तेथील पर्यटन काही बुडाले नाही.

दुसरा आक्षेप असा की, आमच्या पैशाचे मालक आम्ही. तुम्ही कोण सांगणारे? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. प्रौढ माणसाने एक संध्याकाळ नौकेवर घालवावी असे ठरविले, तर आम्ही आडवे येणार नाही. त्याने खर्ची पडलीच असे समजून एक रक्कम खिशात घालावी, ती संपताच उठावे, आणि तिकीट स्वतंत्रपणे काढावे. आमचा विरोध आहे तो गाठोड्यास. खोली ही खोली म्हणून निवडावी : करासह एकूण भाडे किती, रात्री झोप लागेल काय, वृद्धांस जिने चढावे लागतील काय, देवळास किंवा समुद्रास जाण्यास वाहन कोठे मिळेल. हे प्रश्न विचारून उत्तरे लेखी घ्यावीत. ज्या हॉटेलास यांची उत्तरे देता येत नाहीत, पण नौकेची वेळ तोंडपाठ आहे, ते हॉटेल तुमच्या सुट्टीसाठी नाही.

मांडवीत दुसऱ्याही नौका आहेत. पणजीहून बेतीस जाणाऱ्या फेरीबोटीत संध्याकाळी उभे राहावे. मासळीची टोपली घेऊन घरी निघालेली बाई, कचेरीतून सुटलेला कारकून आणि शाळेची पोरे यांच्या शेजारी. नदीवर ऊन उतरत असते. इंदूरच्या मातोश्री या नावेत आनंदाने चढल्या असत्या. आमचे स्नेही पुढल्या वर्षी त्यांना घेऊन पुन्हा येणार आहेत. या वेळी खोली आम्ही पाहून ठेवली आहे.