विश्लेषण : ‘सहमत’ म्हणण्यावाचून पर्याय होता का?

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲप उघडताच सूचना झळकू लागली : नवे गोपनीयता धोरण मान्य करा, अन्यथा ८ फेब्रुवारीनंतर ॲप वापरता येणार नाही. गदारोळ झाल्यावर मुदत १५ मेपर्यंत वाढली. २०१६ च्या बदलाच्या वेळी जुन्या वापरकर्त्यांना निदान नकार देता आला होता. या वेळी तोही नाही. संदेश कूटबद्धच राहणार होते. प्रश्न होता मोबाइल क्रमांक, फोनचा तपशील, व्यवहार अशी माहिती ‘मेटा’च्या इतर कंपन्यांकडे जाण्याचा.

सिग्नल किंवा टेलिग्राम डाउनलोड करायला दोन मिनिटे लागतात. पण शाळेचा गट, सोसायटीचा गट, किराणा दुकानदार यांना तिथे नेणार कोण?

स्पर्धा आयोगाचा संबंध काय?

नेमका हाच. सेवा फुकट असेल तर ग्राहक किंमत मोजतो ती माहितीच्या रूपात, आणि पर्यायच नसेल तर कंपनी ही किंमत मनमानी वाढवू शकते. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने २०१९ मध्ये फेसबुकविरुद्ध हीच भूमिका घेतली. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने ४ जुलै २०२३ रोजी ती उचलून धरली. भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि जाहिरातींसाठी माहिती देण्यावर पाच वर्षे बंदी घातली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, बंदी मात्र उठवली. माझ्या मते हे उलटे झाले. मेटाचे २०२४ चे उत्पन्न सुमारे १६,४५० कोटी डॉलर. त्या हिशेबाने हा दंड म्हणजे दीड तासाचीही कमाई नाही. झोंबणार होती ती बंदीच.

मग विदा संरक्षण कायदा कशाला?

२०२३ च्या या कायद्यानुसार संमती मुक्त असायला हवी. उल्लंघनासाठी २५० कोटींपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होतील. शिवाय संमती मुक्त होती की नाही, हे बाजारात दुसरा पर्याय होता का यावर ठरते. ते तपासण्याचा अनुभव स्पर्धा आयोगाकडेच आहे. म्हणून ‘गोपनीयता हा आयोगाचा विषय नाही’ हा युक्तिवाद पटत नाही.

न्यायाधिकरणाने डिसेंबरमध्ये केलेल्या खुलाशानुसार जाहिरातींच्या बाबतीतही वापरकर्त्याला निवडीचा हक्क हवा. आयोगाच्या आदेशात नकाराची सोय ॲपमधील सूचनेतून ठळकपणे द्यावी आणि सेटिंग्जमध्ये ती बदलता यावी, असे म्हटले आहे. ‘ठळक’ म्हणजे किती, हे कंपनीच्या डिझायनरवर सोडून चालणार नाही. नकाराचे बटण होकाराइतकेच मोठे आणि त्याच पडद्यावर आहे का, हे आयोगाने स्वतः फोन हातात घेऊन पाहावे.