चारही चाकं फिरतात म्हणून गाडी कुठेही जात नाही

आमच्या डॉर्मिटरीत ‘लाइट्स आउट’च्या आधी दोन विषयांवर हमखास वाद होतो : क्रिकेट आणि गाड्या. गाड्यांच्या वादात एक वाक्य कोणीतरी टाकतोच, ‘अरे, ऑल-व्हील ड्राइव्ह आहे ती, कुठेही जाईल.’ मागच्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हे वाक्य टाकणारा बहुतेक वेळा मीच असायचो. आता मी ते म्हणत नाही. रोजच्या वापरातली गाडी, चारही चाकांना ताकद मिळत असली तरी, वाळूत, चिखलात किंवा पाण्यात जोरात घालणं याला मी धाडस मानत नाही. ते यंत्राबद्दलचं अज्ञान आहे. आणि पुढे फौजेत जाऊ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर हे अज्ञान सर्वांत आधी घालवायला हवं.

बाबांची नोकरी चेन्नईला आहे, त्यामुळे सुट्टीत मी तिकडे असतो. आमची गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे. कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण चूक गाडीची नव्हती. दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी बाबा आणि मी ईस्ट कोस्ट रोडने कोवलमच्या पुढे गेलो. एका कोळीवाड्याजवळून (तिकडे त्याला कुप्पम म्हणतात) एक कच्चा रस्ता थेट समुद्राकडे उतरत होता. बाबा म्हणाले, ‘इथेच लावू, पुढे चालत जाऊ.’ मी म्हणालो, ‘बाबा, चालत कशाला? ऑल-व्हील आहे ना आपली! लॉकवर टाका आणि घ्या पुढे.’ त्यांनी एकदा वाळूकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडी पुढे घेतली.

पहिले तीसेक मीटर गाडी मस्त गेली. मग कोरडी, मऊ वाळू लागली. वेग कमी झाला, बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी ओरडत होतो, ‘अजून द्या, अजून द्या!’ दोन मिनिटांत जळका वास आला, समोरच्या पॅनेलवर इशाऱ्याचा दिवा लागला आणि मागची चाकं थांबली. गाडी पोटावर बसली होती. समुद्र पंचवीस पावलांवर होता आणि पाणी चढत होतं.

आता त्या दोन मिनिटांत गाडीच्या पोटात काय झालं ते सांगतो. मला हे नंतर गॅरेजमधल्या मिस्त्रींनी जुने भाग हातात देऊन समजावलं.

रोजच्या वापरातल्या बहुतेक ऑल-व्हील गाड्या मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या असतात. मागच्या चाकांकडे एक लांब शाफ्ट जातो आणि त्याच्या टोकाला एक कपलिंग असतं. त्यात क्लचसारख्या चकत्या असतात. पुढची चाकं घसरली की कॉम्प्युटर विद्युतचुंबकाने किंवा तेलाच्या दाबाने त्या चकत्या आवळतो आणि मग मागे ताकद पोहोचते. ओल्या रस्त्यावर, खडीवर, घाटातल्या चिखलाच्या पट्ट्यावर हे काम काही सेकंदांचं असतं. मऊ वाळूत ते सलग चालतं. चकत्या एकमेकींवर घासतात, तापतात. एका मर्यादेनंतर कॉम्प्युटर कपलिंग वाचवण्यासाठी ते मोकळं करतो. म्हणजे मागच्या चाकांची सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच ती सुटतात. मी ‘अजून द्या’ म्हणत होतो, तेव्हा गाडी आपल्या परीने ‘आता पुरे’ म्हणत होती.

दुसरी गोष्ट लो-रेंज गिअरची. फौजेची ओळख बनलेली मारुती जिप्सी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. १९८५ साली आलेली ही गाडी इंजिनाने फार ताकदवान नव्हती. पण तिच्यात ट्रान्स्फर केस होती. तिचा वेगळा लिव्हर ओढला की पुढचा आणि मागचा ॲक्सल दातेरी चाकांनी घट्ट जोडला जायचा आणि लो-रेंजमध्ये गाडी मुंगीच्या पावलाने, पण भरपूर जोर लावून चढायची. त्यात घासून तापणाऱ्या चकत्या नव्हत्या. रोजच्या गाडीत हा लो-रेंज नसतो. चेन्नईजवळ ओरगडमच्या कारखान्यात बनणाऱ्या रेनॉ डस्टरचं ऑल-व्हील मॉडेल २०१४ साली बाजारात आलं, त्यातही लो-रेंज नव्हता. त्याऐवजी इंजिनिअरांनी पहिला गिअर मुद्दाम खूप छोटा ठेवला होता. युक्ती चांगली होती आणि त्या गाडीचं कौतुकही झालं, पण ती लो-रेंजची जागा पूर्ण भरून काढत नाही. असा गिअर नसला की चालक अर्धा क्लच दाबून जोर काढू पाहतो आणि क्लच जाळतो. आमचा तसाच जळला.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली, कारण ती रणगाड्याची आहे. चेन्नईच्या आवडीला अर्जुन रणगाडा बनतो. पहिल्या अर्जुनचं वजन ५८ टनांच्या वर. तरी त्याच्या रुंद पट्ट्यांमुळे जमिनीवर येणारा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा कमी असतो. आमच्या गाडीच्या टायरमध्ये ३३ पीएसआय हवा होती. टायर जमिनीवर साधारण आतल्या हवेच्या दाबाइतकाच दाब देतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास. थोडक्यात, वाळूला आमची गाडी रणगाड्यापेक्षा दुपटीहून जास्त टोचत होती! मग ती रुतणार नाही तर काय होणार?

हे भौतिकशास्त्र आम्हाला त्या दिवशी एका म्हाताऱ्या कोळ्याने शिकवलं. तो जाळं ठेवून आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि टायरकडे बोट दाखवून म्हणाला, ‘कात्तु, कात्तु.’ तमिळमध्ये कात्तु म्हणजे हवा. त्याने चारही टायरची निम्मी हवा सोडली. टायर खाली पसरले, त्यांचा तळवा रुंद झाला. मग सहा-सात जणांनी हातांनी आणि फळकुटांनी चाकांमागची वाळू उपसली. बाबा आता चाक सरळ ठेवून पुढे काढू पाहत होते, तर त्याने हातानेच खूण केली : मागे. आलात त्याच चाकोरीतून मागे, हळू. उरल्यासुरल्या क्लचवर आणि सात जणांच्या ढकलण्यावर गाडी निघाली. बाबांनी पैसे पुढे केले, ते त्याने घेतले नाहीत. फक्त पाण्याकडे बघून तो हसला. चेन्नईच्या समुद्राला भरती-ओहोटीत जेमतेम मीटरभराचा फरक पडतो, म्हणून आम्ही वाचलो. काशीद किंवा अलिबागला असतो, तर भरतीने एवढा वेळ दिला नसता.

माझे मित्र यावर म्हणतील, ‘तुमची गाडीच लेची. खरी फोर-बाय-फोर हवी होती.’ तर जून २०२४ मध्ये कच्छमधल्या मुंद्र्याच्या किनाऱ्यावर दोन थार समुद्राच्या पाण्यात अडकल्या, त्या खऱ्या फोर-बाय-फोरच होत्या. लो-रेंज असल्याने समुद्र मागे हटत नाही. उलट पोलिसांनी गुन्हा नोंदवला. गोव्यातही किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांवर कारवाई होते, आणि ते बरोबरच आहे. चेन्नईच्या किनाऱ्यावर जानेवारीपासून ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालायला येतात. १९८८ पासून तिथले विद्यार्थी रात्री किनाऱ्यावर चालत ती घरटी शोधून जपतात. एका चाकाखाली किती अंडी जातात हे चालकाला कळतसुद्धा नाही. तेव्हा मर्यादा फक्त यंत्राची नसते, जागेचीही असते.

पाण्याचंही तसंच आहे. इंजिन हवा ओढतं ते तोंड गाडीत एका ठरावीक उंचीवर असतं. पाणी तिथपर्यंत पोहोचलं की ते सिलिंडरमध्ये जातं, आणि पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन संपतं. ताकद दोन चाकांना जाते की चार, याचा इथे काही संबंध नाही. डिसेंबर २०१५ च्या आणि डिसेंबर २०२३ च्या ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या पुरात चेन्नईने हे चांगलंच पाहिलं. म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठ्या पावसाचा इशारा येताच वेलाचेरीच्या लोकांनी आपल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन ओळीने लावल्या. काहींनी त्यांची चेष्टा केली. मला मात्र ते शहाणे वाटले. गाडीची मर्यादा आणि आपल्या गल्लीची उंची या दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकातलंच उदाहरण घ्या. सप्टेंबर १९६५, खेमकरण भागातलं असल उत्तर. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्या काळातले उत्तम रणगाडे मानले जायचे. आपल्या सैन्याने कालव्याचं पाणी शेतांत सोडलं आणि उसाच्या शेतांतल्या चिखलात ते पॅटन रुतले, मंदावले, टिपले गेले. तिथेच हवालदार अब्दुल हमीद यांनी साध्या जीपवर बसवलेल्या तोफेने पॅटन उडवले आणि परमवीरचक्र मिळवलं. तिथेच डेक्कन हॉर्सचं नेतृत्व करत होते आपले अरुणकुमार वैद्य, जे पुढे लष्करप्रमुख झाले. पॅटन वाईट नव्हता. तो कुठे चालणार नाही हे आपल्या लोकांनी ओळखलं होतं, आणि तो चालवणाऱ्यांनी ओळखलं नव्हतं.

मग धाडस करायचंच नाही का? जरूर करायचं. पण आपले उस्ताद कुठल्याही मोहिमेआधी जे शिकवतात तेच गाडीलाही लागू करायचं. आधी रेकी : जिथे गाडी न्यायची तिथे स्वतः चालून यायचं. बूट घोट्यापर्यंत रुतत असेल तर गाडीही रुतणार. एकट्या गाडीने जायचं नाही, दुसरी गाडी आणि दोर बरोबर हवा. टायरची हवा आधीच कमी करायची, आणि परत भरायला पंप ठेवायचा, कारण कमी हवेवर डांबरी रस्त्याने वेगात गेलं की टायर तापून फुटू शकतो. चाक फिरलं आणि गाडी हलली नाही, की तिथेच पाय काढायचा. दुसऱ्यांदा दाबाल तर स्वतःचा खड्डा स्वतः खणाल.

पालकांनाही एक विनंती. जाहिरातीत गाडी नदी उडवत जाते, तो रस्ता आधी कोणीतरी तपासलेला असतो. तुमची ऑल-व्हील गाडी आंबोलीच्या पावसाळी घाटात, गावाकडच्या निसरड्या चढावर तुम्हाला खरंच सांभाळून घेईल. त्यासाठीच ती बनवली आहे. पण ब्रेक लावताना ती इतर गाड्यांसारखीच थांबते, कारण चार चाकांचे ब्रेक सगळ्यांनाच असतात. हे विसरून वेग वाढवू नका. आणि शाळेला एक सुचवावंसं वाटतं : आपल्या एमटी सेक्शनमध्ये वर्षातून एक तास जुना गिअरबॉक्स आणि क्लच उघडून आम्हाला दाखवावा. लायसन्स अठराव्या वर्षी मिळेल, समज आधी मिळायला हरकत नाही.

आता शेवटचं, जे मला खरं लिहायचं होतं. क्लच आणि कपलिंगचं बिल मोठं आलं. यंदाच्या वार्षिक दिनाच्या संचलनात मी पहिल्या रांगेत होतो, पण आई-बाबा आले नाहीत. त्यांच्या तिकिटांचे पैसे त्या वाळूत गेले होते. घरी आईने विचारलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, ‘माझाच अंदाज चुकला.’ मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो.

आई हे मासिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. म्हणून इथे लिहितो : आई, बाबांना चालतच जायचं होतं. हट्ट माझा होता.