कार्डाची नाडी आधी बघा

सेमिस्टर संपली, इंटर्नशिपचे पैसे हातात आले, की नेरूळ-कोपरखैरण्याच्या पोरांची स्वारी ठरलेल्या वाटेने निघते. हार्बरने कुर्ला, मग दादर, मग ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडवर तासभर घासाघीस करून ग्राफिक्स कार्ड बॅगेत टाकायचं आणि जेवण बाजूला ठेवून पीसी उघडायचा. बरेचदा सगळं छान जमतं. कधी मात्र अर्ध्या तासात स्क्रीनवर रंगीत चौकोन नाचू लागतात. मग घरी काय सांगायचं?

आपली पहिली चूक म्हणजे खोक्यावरचं नाव आणि जीबी बघून भुलणं. जीटी 1030 हे एकच नाव, पण जीडीडीआर5 मेमरीचं कार्ड सेकंदाला 48 जीबी डेटा हलवतं, तर 2018 मध्ये आलेलं डीडीआर4 वालं जेमतेम 16.8 जीबी. आरटीएक्स 3050 चंही तेच. 8 जीबीच्या कार्डात 2560 कोअर, 6 जीबीच्या कार्डात 2304. म्हणजे फरक नुसता मेमरीचा नाही, चिपचाही आहे. दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देणं हा कंपन्यांचा चलाखपणाच म्हणायचा. त्यामुळे मेमरीचा प्रकार, बसची रुंदी आणि कोअर या तीन गोष्टी विचारल्याशिवाय खिशात हात घालू नका.

सेकंडहँड घेताना तर डोळे उघडे हवेतच. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमने मायनिंग बंद केलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जगभर जुन्या बाजारात आली. असं प्रत्येक कार्ड टाकाऊ असतं असं नाही. पण पंखे, थर्मल पॅड आणि पेस्ट झिजलेली असू शकते. त्याहून वाईट म्हणजे बनावट माल. 2011 च्या पिढीतली चिप, तिचं बायोस बदलून नाव ठेवलं जीटीएक्स 1050 टीआय! जीपीयू-झेड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर अशी अनेक कार्डं ओळखून नावापुढे ‘फेक’ असा शेरा मारतं. दुकानातच ते चालवा, पंधरा मिनिटं स्ट्रेस टेस्ट लावा आणि तापमान बघा. विकणारा ‘घरी जाऊन बघ ना’ म्हणाला, तर नमस्कार करून निघा.

आणि हो, दर वेळी दोष कार्डाचाच नसतो. फ्रेम्स मिळत नाहीत? मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला तर लावली नाही ना, ते बघा. 144 हर्ट्झचा मॉनिटर सेटिंगमध्ये 60 वरच असेल. खेळताना पीसी अचानक बंद पडतो? आधी पॉवर सप्लायवर संशय घ्या. तापमान चढतंय? वायर काढून धूळ साफ करा. आपल्याकडे बांधकामांची काय कमी आहे! ड्रायव्हर काढून नव्याने टाका, कार्ड स्लॉटमधून काढून पुन्हा नीट बसवा. जमलं तर मित्राच्या पीसीत लावून बघा. तिथेही चौकोन दिसले, तर मात्र दुखणं कार्डाचंच.

इथेच खरी परीक्षा असते. ‘आपण फसलो, आता दुसऱ्याच्या गळ्यात मारू’ हा विचार मनात येतो. पण तो दुसरा म्हणजे पनवेल नाहीतर ऐरोलीतला तुमच्यासारखाच कुणीतरी, कदाचित पहिल्या पगारातून घेणारा. दोष माहीत असताना लपवून विकणं याला ‘डील’ म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात. विकायचंच असेल तर ‘बिघडलेलं, सुट्या भागांसाठी’ असं स्पष्ट लिहून विका. दुकानातून घेताना चार पैसे वाचवायला बिल सोडू नका. त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. दुकानदाराने हात वर केले, तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, आणि बिल असेल तर तुमची बाजू भक्कम राहते.

विकणाऱ्याला प्रश्न विचारायला लाजू नका. आणि उद्या तुम्ही विकायला बसाल, तेव्हा समोरच्याच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या.